संध्याकाळी सातचा भोंगा: मोबाईल बंद ठेवायचा तो एकट्याने की सगळ्यांनी मिळून?

ओसरी (धागाकर्ती)

नमस्कार. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि तेव्हापासून साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो आणि ज्याला जे पाहायचे ते पाहायला तो मोकळा होतो. कोविडच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाईल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, तेव्हा हा विचार निघाला. त्या वेळचे सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा पुरुष मंडळींनी ती थट्टेवारी नेली होती. मग बायकांची बैठक झाली, आपलाही वेळ टीव्हीपुढे आणि मोबाईलमध्ये फार जातो हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि तिथून गोष्ट पुढे सरकली. सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक घरोघर जाऊन लोकांना आठवण करून देत असत.

या बातमीचे तेव्हा देशभर कौतुक झाले आणि नेहमीप्रमाणे ती विस्मरणातही गेली. मला ती आता आठवण्याचे कारण असे की पुण्यातील आमच्या सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे असाच एक प्रस्ताव ठेवावा असे आम्हा काही जणांच्या मनात आहे. त्याआधी इथल्या जाणत्या मंडळींचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडते. मोबाईलमुळे झोप उडते, मान आखडते, डोळे चुरचुरतात, घरात चार माणसे असून चौघे चार दिशांना असतात, हे सगळे आता सर्वांना पाठ झाले आहे. त्यावर जो उपाय सांगितला जातो तो मात्र प्रत्येक वेळी एकट्या माणसाला सांगितला जातो. मनावर ताबा ठेवा, वेळेची मर्यादा लावा, झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे उपाय खोटे नाहीत, पण ते टिकत नाहीत आणि टिकत नाहीत म्हणून माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. माझ्या मुलाचा फोन मी आठ वाजता काढून घेते तेव्हा त्याच्या वर्गातली बाकीची मुले त्याच वेळी एकत्र खेळत असतात, गप्पा मारत असतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणे होते ते त्या खेळाबद्दलच. त्याला यंत्राची ओढ आहे त्याहून अधिक त्या यंत्रात जमलेल्या सवंगड्यांची आहे. मी त्याला त्याच्या टोळीतून उठवून एकटा बसवते आणि वर त्याला पुस्तक वाच म्हणून सांगते. भोंग्याची गोम इथे आहे असे मला वाटते: तो सगळ्यांना एकाच वेळी उठवतो.

अवांतर: २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी महाराष्ट्रात काढली आहेत त्यांना आठवत असेल की वीज गेली की सगळी आळी बाहेर येऊन बसत असे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही, कारण उकाड्यात तान्ह्या मुलाला पदराने वारा घालत बसणाऱ्या बाईला त्यात काही गोड वाटत नव्हते. पण अंधार सर्वांच्या घरी सारखाच होता, म्हणून माणसे बाहेर येत होती. पुढे ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आले त्यांचे ओटे आधी रिकामे झाले.

तेव्हा प्रश्न असा की गावाला जे जमले ते शहरातल्या इमारतीला जमेल का, आणि मुळात त्याने आरोग्याचा किंवा माणसामाणसांतल्या संबंधांचा काही लाभ होतो का?

कृष्णाकाठ

धागा आवडला. मी त्याच पट्ट्यातला आहे, वडगावचा नव्हे. आमच्या गावानेही त्यांचे पाहून भोंगा सुरू केला होता, त्याविषयी लिहितो.

पहिले काही महिने खरोखर सुरेख गेले. सात वाजले की माझी चुलती टीव्ही बंद करून त्याच्यावर विणलेला रुमाल टाकत असे आणि घरातले सगळे मोबाईल देवळीत दिव्याच्या बाजूला ओळीने ठेवले जात. शेजारच्या घरातली दोन मुले पाटी-दप्तर घेऊन आमच्याकडे येत, कारण आमच्या सोप्यात उजेड चांगला. अभ्यास किती झाला ते सांगता येणार नाही, पण कोणाला गणित येत नाही आणि कोणाला इंग्रजी वाचता येत नाही हे घरच्यांना प्रथमच समजले. ही गोष्ट मी लहान मानत नाही. मुलगा मोबाईलवर ‘अभ्यास’ करत होता तोवर बापाला त्याचा पत्ताच नव्हता.

पुढे मात्र भोंगा वाजत राहिला आणि पाळणारे कमी झाले. त्याचे कारण लोक बिघडले असे नाही. आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. पूर्वी रात्रपाळीला बॅटरी घेऊन मळ्यात जावे लागे, त्यात साप-विंचवाची भीती, थंडीत ओल्या पायांनी उभे राहणे आणि झोपेचे खोबरे. आता पेटीत मोबाईल स्टार्टर बसवलेला असतो. घरून फोन लावला की मोटर सुरू होते, वीज आली-गेली त्याचा निरोपही फोनवरच येतो. माझ्या वडिलांच्या तब्येतीला या एका यंत्राने जेवढा आराम दिला तेवढा कोणत्याही गोळीने दिला नाही. आता सांगा, साडेसातला लाईट येणार असेल तर शेतकऱ्याने मोबाईल देवळीत ठेवून बसावे काय? सरसकट ‘मोबाईल बंद’ म्हटले की अशी खरी गरज असलेला माणूस पहिल्यांदा नियम मोडतो, त्याचे पाहून रील पाहणाराही मोडतो, आणि दोघांना एकच जाब विचारता येत नाही.

आमच्या गावात शेवटी तोडगा निघाला तो असा की भोंगा मनोरंजनासाठी आहे, कामासाठी नाही. ऐकायला हे सोपे वाटते. दाराबाहेरून मात्र हातातला मोबाईल तेवढा दिसतो, त्यावर काय चालले आहे ते दिसत नाही.

नेत्रपल्लवी

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून आरोग्याच्या बाजूने थोडे लिहिते. चर्चेत दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत, त्या सुट्या केल्या तर सोसायटीचा निर्णय करणे सोपे जाईल.

डोळे चुरचुरणे, जड वाटणे, मध्येच अंधुक दिसणे हे बहुतांशी डोळे कोरडे पडल्याने होते. एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते, आणि पापणी मिटली नाही की अश्रूंचा थर सुकतो. पुस्तक एकटक वाचले तरी असे होऊ शकते, पण पुस्तकाचे पान उलटावे लागते आणि मोबाईलचे पान कधी संपतच नाही. यावर दीड तासाची विश्रांती नक्कीच उपयोगी आहे. मात्र निळा प्रकाश अडवणारे म्हणून जे महाग चष्मे विकले जातात त्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो याला पुरावा नाही. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यातही हेच निघाले. पालक माझ्याकडे तो चष्मा हट्टाने मागतात आणि मी लिहून दिला नाही तर बाहेर जाऊन घेतात.

लहान मुलांचा उणा नंबर वाढणे ही वेगळी आणि अधिक गंभीर गोष्ट आहे. तिच्यात जवळचे पाहणे हे एक कारण आहे, पण दिवसाच्या उजेडात न जाणे हे तितकेच मोठे कारण आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे उघड्यावर नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तिथे वर्षानुवर्षे चढत गेलेले दृष्टिदोषाचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. त्यांनी मुलांना उन्हात, झाडाखाली, मैदानावर नेले. त्यामुळे ओसरीताई, मुलांच्या नंबरासाठी म्हणून हा प्रस्ताव मांडणार असाल तर संध्याकाळी सातला काही हाती लागणार नाही, कारण तेव्हा सूर्य मावळलेला किंवा मावळतीला असतो. साडेचार ते साडेसहा या वेळात तुमच्या सोसायटीच्या आवारात मुलांना चेंडू खेळू देतात का, की गाड्यांच्या काचा फुटतील म्हणून तिथे ‘खेळण्यास मनाई’ची पाटी आहे, हे आधी पाहा.

तिसरी गोष्ट झोपेची. रात्री डोळ्यांवर पडणाऱ्या प्रखर उजेडाने मेलाटोनिन हे झोपेला मदत करणारे संप्रेरक कमी स्रवते हे खरे आहे, परंतु माझ्या मते उजेडापेक्षा जागे ठेवणारा मजकूर अधिक नुकसान करतो. पुढे काय येईल या उत्सुकतेने माणूस झोप ढकलत राहतो. सात ते साडेआठ मोबाईल बंद ठेवून मग रात्री साडेबारापर्यंत रील पाहिले तर झोपेच्या दृष्टीने तो दीड तास वायाच गेला. आरोग्यासाठी भोंगा वाजवायचाच असेल तर तो रात्री दहाला वाजवावा, म्हणजे अर्थात कोणी ऐकणार नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वयात दिवसाला एक तासाच्या वर दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. मोबाईल समोर धरल्याशिवाय घास न घेणारी दीड वर्षाची बाळे मी रोज पाहते. त्यांच्यासाठी कोणताही भोंगा नको, भरवणाऱ्या मोठ्या माणसाला दहा मिनिटे अधिक मिळायला हवीत.

सडेतोड

मला या सगळ्यात दंडेलीचा वास येतो. आज संध्याकाळी काय पाहायचे ते गाव ठरवणार, उद्या काय खायचे तेही ठरवेल. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्शी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाईल वापरावर बंदीचा ठराव केला होता. ठराव चांगल्या हेतूने केला असेल, परंतु सतरा वर्षांच्या मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, बसची वेळ पाहायला किंवा अडचणीत घरी फोन करायला मोबाईल लागतो. आणि मुलगा चोरून वापरेल, मुलीच्या हातून मात्र तो खरोखर काढून घेतला जाईल, एवढे आपल्या समाजाविषयी सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही.

खडू_फळा

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. सडेतोड यांच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत आहे, पण वर्गात जे दिसते ते सांगणे भाग आहे.

ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनविषयी विचारले होते. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. अशा मुलांपैकी मागच्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. म्हणजे अभ्यास अजिबात होत नाही हे म्हणणेही चूक आणि अभ्यासासाठीच मोबाईल घेतला हे म्हणणेही तितकेच चूक.

आता आमच्या बाजूचा दोष. २०२० मध्ये राज्यात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम निघाला आणि व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवण्याची वहिवाट पडली. टाळेबंदीत दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. शाळा उघडल्या, फळा आला, वह्या आल्या, तरी ती वहिवाट गेली नाही. आजही कित्येक शाळांत गृहपाठ, सूचना, प्रकल्पाची चित्रे, स्पर्धेचे व्हिडिओ सगळे संध्याकाळी सहानंतर पालकांच्या गटावर येते. मुलाने मोबाईल मागितला की ‘सरांनी पाठवले आहे’ हे त्याचे उत्तर असते आणि ते खरे असते. एकदा मोबाईल हातात आला की तो तासाभराने परत येतो. माझ्या वर्गापुरता मी नियम केला की गृहपाठ शाळा सुटण्याआधी फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात पालकांनीच तक्रार केली की गटावर काही येत नाही, मुलगा काय करतो ते आम्हाला समजत नाही. वहीत पाहा म्हटले तर काही जणांना ते कमीपणाचे वाटले.

म्हणून भोंगा वाजवण्याआधी त्या दीड तासात शाळा, शिकवणी आणि कार्यालय यांच्याकडून घरात येणारे काम थांबते का हे पाहावे. ते थांबले नाही तर भोंगा नुसताच वाजेल.

ओसरी

सर्वांचे आभार. नेत्रपल्लवी, ‘खेळण्यास मनाई’ची पाटी आमच्याकडे आहे, आणि ती लावण्याचा ठराव एकमताने झाला होता. खडू_फळा यांचा मुद्दा मी सभेत मांडणार आहे. सडेतोड, सक्ती कोणावरच नाही. ग्रामसभेच्या असल्या ठरावाला कायद्याचे बळ नसते आणि सोसायटीच्या तर नाहीच नाही. पण सक्ती नसलेल्या गोष्टीही सगळ्यांनी मिळून पाळता येतात, एकादशी त्याचेच उदाहरण आहे.

उंबरठा

ओसरीताई, एकादशीचे उदाहरण तुम्ही दिलेत म्हणून लिहिते. एकादशीला उपास सगळे करतात आणि साबुदाणा एकटी बाई भिजवते.

संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ घरातल्या बाईची कोणती असते याचा विचार भोंगा वाजवणाऱ्यांनी केला असेल का? कुकर लावलेला असतो, कणीक मळून झालेली असते आणि पोळ्या लाटता लाटता एका डोळ्याने मालिका पाहणे हीच कित्येक घरांतल्या बाईची दिवसभरातली करमणूक असते. तिला मालिकेचे व्यसन लागले म्हणणे सोपे आहे. तिचे बसून पाहणे कोणी पाहिले आहे? टीव्ही बंद झाला की मुलांचा अभ्यास घेणे हे आणखी एक काम तिच्या पदरात पडते. नवरे मंडळी त्याच वेळी देवळाच्या पारावर जाऊन बसतात आणि त्याला ‘संवाद वाढला’ असे म्हटले जाते.

वडगावच्या बायकांनी आपणहून होकार दिला, याचा मला आदर आहे. त्यांना त्यातून काही मिळाले असेल म्हणूनच त्या राजी झाल्या असतील. परंतु तुमच्या सोसायटीच्या सभेत हात वर करणारे कोण असतात? आमच्या इमारतीत सभासद म्हणून नाव नवऱ्याचे आणि सभेला जातो तोच. त्या दीड तासात स्वयंपाकघरात दुसरे कोणी उभे राहणार असेल तर माझा भोंग्याला मनापासून पाठिंबा आहे.

आणि फोनमुळे माणसे तुटली हे वाक्य मी फार ऐकले आहे. लग्नानंतर माझे माहेर बारा तासांवर होते, आईला पत्र लिहिले तर ते सासरच्यांनी वाचूनच टाकायचे. माझ्या सुनेच्या हातात फोन आहे आणि ती रोज आईशी बोलते. ती खोलीत एकटी बोलत बसली की घरातल्यांना ती ‘मोबाईलमध्येच असते’ असे वाटते.

सातवी_खोली

उंबरठा यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. आई अंगणवाडी सेविका आहे, म्हणून आणखी एक बाजू.

पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे सरकारी ॲप आल्यापासून मुलांचे वजन-उंची, हजेरी, आहार सगळे त्यात भरावे लागते. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. ते निकृष्ट होते, सारखे बंद पडत, ॲप इंग्रजीत होते आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडत होता. आता घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थी बाईचा चेहरा मोबाईलवर जुळवावा लागतो. गरोदर बाई दुपारी शेतात असते, तिच्या नवऱ्याचा नंबर नोंदवलेला असतो, तो कामावर असतो आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. मग आई संध्याकाळी सातनंतर, सगळे घरी आल्यावर, अंधारात त्यांच्या दारी जाते आणि अंगणातल्या बल्बखाली बाईला उभे करून फोटो जुळतो का ते पाहते. रेंज मिळाली तर पहिल्या फटक्यात जुळतो. घरी आल्यावर पर्यवेक्षिकेच्या गटावर दिवसाचे आकडे टाकायचे असतात.

भोंगा पाळण्यासाठी घरोघर सांगत फिरायचे काम याच बाईला दिले जाते, आणि तिचा स्वतःचा फोन त्या वेळात बंद राहू शकत नाही. पाठदुखी, डोकेदुखी, झोप न लागणे या तक्रारी घेऊन ती दवाखान्यात गेली की डॉक्टर विचारतात, ‘मोबाईल फार पाहता का?’

पासिफिकचा_किनारा

मी कॅलिफोर्नियात असतो. उन्हाळ्यात भारतातले संध्याकाळचे सात म्हणजे इथले सकाळचे साडेसहा. कामाला जाण्याआधी आई-बाबांना व्हिडिओवर पाहायची माझी तीच एक वेळ. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघाने ‘संध्याकाळी मोबाईल नको’ असा उपक्रम घेतला तेव्हा त्यांनी तो पाळला आणि महिनाभर आमचे बोलणे शनिवार-रविवारवर आले. बाबा म्हणाले की संघात चार माणसे भेटतात, बरे वाटते. मला त्यावर काय बोलावे ते सुचले नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या प्रकृतीला हव्या आहेत.

हिशेबनीस

ओसरी यांच्या मूळ मुद्द्याला पुष्टी देणारा एक अभ्यास आहे. अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले की टिकटॉकचे खाते काही आठवडे बंद ठेवायला किती पैसे घ्याल. बाकीचे सगळे वापरत असताना एकट्याने बंद करायचे असेल तर सरासरी ५९ डॉलर हवेत असे उत्तर आले. पण सगळ्यांचेच, स्वतःचे धरून, बंद होणार असेल तर उलट स्वतःच्या खिशातून सरासरी २८ डॉलर देण्याची त्यांची तयारी होती. इन्स्टाग्रामचे आकडे ४७ आणि १० होते. हा निबंध २०२३ चा आहे.

एरवी आपण म्हणतो की लोक वापरतात म्हणजे त्यांना ते हवे असते. इथे वापरणारेच म्हणत होते की हे नसते तर बरे झाले असते, पण इतर सगळे तिथे आहेत म्हणून आम्हालाही असावे लागते. एकट्याचा निग्रह का टिकत नाही याचे उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला कायद्याने मज्जाव केला त्यामागेही हाच विचार दिसतो: एका मुलाला आईबापांनी अडवले तर तो एकटा पडतो, सगळ्यांना अडवले तर कोणी एकटा पडत नाही. ते साधेल की नाही ही निराळी गोष्ट.

सडेतोड यांच्यासाठी: आपल्याकडेही टिकटॉक जून २०२० मध्ये एका रात्रीत बंद झाले. कारण निराळे होते, पण सगळी मंडळी महिन्याभरात दुसऱ्या ॲपवर तशीच रील पाहू लागली. दुकान बंद करून भागत नाही.

चिंतातुर_पालक

क्षमस्व, थोडा वैयक्तिक प्रश्न. आमचा मुलगा अकरावीत आहे. रात्री तीन-तीनपर्यंत ऑनलाइन खेळतो, दिवसा झोपतो, शिकवणीला जात नाही, मोबाईल घेतला तर हात उगारतो. भोंगा वगैरे आमच्या बाबतीत फार पुढची गोष्ट आहे. काय करावे?

नेत्रपल्लवी

चिंतातुर_पालक, हा माझा विषय नाही, तरी एवढे निश्चित सांगते की याला आळस किंवा वाईट संगत समजू नका आणि मोबाईल फोडून टाकण्याच्या भानगडीत पडू नका. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, असे साधारण वर्षभर राहिले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. २०१९ मध्ये संमत झालेल्या रोगसूचीत त्याचा समावेश आहे. म्हणजे त्यावर उपचारही आहेत. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक चालते. तुमच्या जवळच्या मनोविकारतज्ज्ञांना भेटा, आणि लगेच कोणाशी बोलायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. नैराश्य आधी आणि खेळ नंतर असेही असते, म्हणून तपासणी करून घेणे महत्त्वाचे आहे. तो पैसे लावून खेळत होता का हेही शांतपणे विचारा. तसल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला आहे, पण आधीचे कर्ज डोक्यावर असेल तर मुले ते लपवतात.

सीमाभागातून

आमच्या बेळगावजवळच्या हलगा गावानेही सांगली जिल्ह्यातले पाहून सात ते नऊ असा भोंगा सुरू केला. एकच जोड द्यावीशी वाटते. मुले घरात मोबाईलशिवाय बसतील ती किती वेळ? वाचनालय उघडे हवे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी ‘ड’ म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाची का होईना वाचनालये आहेत. त्यांतली किती संध्याकाळी सातला उघडी असतात आणि किती ठिकाणी कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते, हे प्रत्येकाने आपापल्या गावात पाहावे.

ओसरी

काल सभा झाली. वृत्तांत देते.

भोंग्याचा प्रस्ताव मी मागे घेतला. त्याऐवजी तीन गोष्टी मांडल्या, त्यांतल्या दोन संमत झाल्या. ‘खेळण्यास मनाई’ची पाटी निघाली आणि रोज साडेचार ते साडेसहा मागच्या बाजूला गाड्या लावायच्या नाहीत असे ठरले. काच फुटली तर खर्च देखभाल निधीतून होईल. यावर सर्वांत जास्त वेळ भांडण झाले आणि दोन मतांनी ठराव तरला. दुसरे, बुधवारी आणि शनिवारी सात ते साडेआठ सभागृह उघडे राहील, तिथे येणाऱ्याने मोबाईल दाराशी फळीवर ठेवायचा. कॅरम, बुद्धिबळ, पुस्तके ठेवू. ज्याला यायचे नाही त्याने घरी टीव्ही पाहावा, त्याला कोणी विचारणार नाही. कामाचा किंवा परदेशातून फोन येणार असेल त्याने पहारेकऱ्याकडे सांगून ठेवावे, तो हाक मारील.

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मी सभेत वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग एका काकांनी ‘आम्ही बुधवारी खिचडी करू’ असे जाहीर केले आणि हशा पिकला. ते इतिवृत्तात नोंदवून घ्या असे मी सचिवांना सांगितले आहे.

शाळेच्या गटाला सहानंतर संदेश न पाठवण्याची विनंती करण्याचा तिसरा प्रस्ताव मात्र पडला. काही पालकांचे म्हणणे पडले की शाळेशी वाकडे नको. खडू_फळा, यावर तुमच्याकडे काही तोड असेल तर जरूर लिहा.

खडू_फळा

पालकांनी सामूहिक पत्र देण्याऐवजी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढावा, तिथे तो अधिकृतपणे नोंदवला जातो आणि कोणा एकाच्या मुलावर रोष येत नाही. मुख्याध्यापकांनाही असा ठराव हवाच असतो, कारण रात्री नऊला पालकांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसणे शिक्षकांनाही नको झाले आहे. ते बोलून दाखवत नाहीत एवढेच.

कृष्णाकाठ

ओसरीताई, अभिनंदन. एक सूचना आत्ताच करून ठेवतो. बुधवारी किंवा शनिवारी भारताचा क्रिकेट सामना आला तर काय करायचे ते आधी ठरवा आणि फळीवर लिहून लावा. आमच्या गावात भोंगा पहिल्यांदा मोडला तो विश्वचषकाच्या सामन्याला, आणि मोडणाऱ्यांत पाटील, सोसायटीचे चेअरमन आणि भोंगा वाजवणारा असे तिघेही एकाच टीव्हीपुढे सापडले. नंतर ग्रामसभेत सामन्याच्या दिवशी सुट्टी असा ठराव झाला, तेव्हा कुठे बाकीचे दिवस पुन्हा रुळावर आले.